वेशभूषेत धनगर, पटावर गैरहजर

माण तालुक्यातल्या एका शाळेचं स्नेहसंमेलन. जानेवारीची कडाक्याची थंडी, मैदानात अंथरलेल्या ताडपत्र्या, त्यावर शाली गुंडाळून बसलेल्या बाया आणि कर्णकर्कश साउंड सिस्टीम. वेशभूषा स्पर्धेत तिसरीतला एक मुलगा धनगर होऊन आला. डोक्याला लाल मुंडासं, खांद्यावर जाड काळी घोंगडी, हातात काठी, काखेत कापसाचं कोकरू. घोंगडी खास म्हसवडची, कुणाच्या तरी घरून मागून आणलेली. पोरगा किराणा दुकानदाराचा. पहिला नंबर त्यालाच मिळाला. मागोमाग मोठ्या पोरांनी ढोल-कैताळाच्या ठेक्यावर गजी नृत्य केलं, पाहुण्यांनी पाचशेची नोट दिली आणि आपल्या मातीतली संस्कृती शाळा कशी जपते यावर दोन शब्दही बोलले. त्याच तिसरीच्या हजेरीपत्रकात एका नावापुढं दिवाळीच्या सुट्टीपासून गैरहजेरीची रांग लागली होती. ते पोर खऱ्याखुऱ्या मेंढपाळाचं. कापसाचं कोकरू स्टेजवर वाहवा मिळवत होतं तेव्हा ते घाट उतरून कोकणात, बापाच्या मेंढरांमागं होतं.

यात कुणी वाईट वागलं असं नाही. बाईंनी मन लावून कार्यक्रम बसवला होता, दुकानदाराचं पोर गोड दिसत होतं, पाहुणेही मनापासून बोलले. तरी ही गोष्ट डोक्यातून जात नाही. शाळेला धनगराचा पोशाख पाठ होता, त्याचं वर्षाचं वेळापत्रक ठाऊक नव्हतं. मुलांची सांस्कृतिक पार्श्वभूमी समजून घ्या, असं प्रत्येक प्रशिक्षणात सांगतात आणि त्यातून बहुतेक वेळा निघतो तो एक कार्यक्रम: एक दिवस वेशभूषा, एक दिवस खाद्यपदार्थ, भिंतीवर 'विविधतेत एकता'चा तक्ता. माझं म्हणणं उलटं आहे. मूल कुठून येतं हे शिक्षकाला बारकाईनं माहीत हवं आणि त्या माहितीचं वर्गात प्रदर्शन होता कामा नये. ती दिसावी ती व्यवस्थेत. हजेरीत, ताटात, बसण्यात, दाखल्यावर, पालकसभेच्या तारखेत.

सातारा-सांगलीत वर्ष एका दिशेनं चालत नाही, हे आधी ध्यानात घ्यावं लागतं. दसरा-दिवाळी झाली की माण, खटाव, आटपाडीकडची मेंढरं बाहेर पडतात. काही कोकणात उतरतात, काही कृष्णाकाठच्या बागायतीत रानं बसवत, म्हणजे खतासाठी शेतात मेंढरं बसवत फिरतात. पाऊस तोंडावर आला की माघारी. नेमक्या त्याच दिवसांत वाळवा, पलूस, कडेगाव, कऱ्हाड या पट्ट्यात ऊसतोडीच्या टोळ्या येऊन उतरतात. बीडच्या, नगरच्या, आणि सांगली जिल्ह्यातल्याच जतच्याही. तिकडं विटा-खानापूर-आटपाडीच्या गावांत मे महिन्यात यात्रेला आणि लग्नसराईला गलाईवाले परततात. सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात त्यांची घरं देशभर विखुरलेली आहेत, त्यामुळे गावात अचानक तमिळ, तेलुगू, मल्याळम बोलणारी पोरं दिसायला लागतात. म्हणजे एकाच जिल्ह्यात एका शाळेचा वर्ग नोव्हेंबरात रिकामा होतो आणि तीस-चाळीस किलोमीटरवरच्या शाळेच्या दारात नोव्हेंबरातच नवी पोरं उभी राहतात.

आणि दोन्ही शाळांचं वेळापत्रक एकच असतं.

मेंढपाळाच्या घराशी बोलायचं तर दसऱ्याच्या आधी. नंतर घरात फक्त म्हातारी सापडते. विचारायचं काय, तर 'पोराला शाळेत का पाठवत नाही' हे नव्हे. वाडा, म्हणजे मेंढरांसह फिरणारा तांडा, यंदा कुठल्या बाजूला जाणार, बरोबर कोण कोण, घोड्यावर बिऱ्हाड लादून जाणाऱ्यांत पोरगी आहे की पोरगा, मागं कोण राहणार, फोन कुणाकडं आणि तो कुठं चार्ज करता, हे विचारायचं. पुष्कळ घरांत एक पोर आजीपाशी ठेवतात आणि एक बरोबर नेतात. कुणाला ठेवायचं हा निर्णय अजून झालेला नसेल, तेव्हाच शिक्षकाच्या शब्दाला वजन असतं. आजीपाशी राहणाऱ्या पोराला पहाटे उठवून शाळेत धाडणारं कुणी आहे का, हा पुढचा प्रश्न. बरोबर जाणाऱ्या पोराला अख्खं दप्तर देऊन उपयोग नाही. ते भिजतं किंवा कोकरू खातं. भाषेचं आणि गणिताचं एक-एक पुस्तक, एक दोनशेपानी वही, प्लॅस्टिकच्या पिशवीत. वहीच्या पहिल्या पानावर दर पंधरवड्याला काय करायचं ते चार ओळींत, मोठ्या अक्षरात, कारण वाचून दाखवणारा बहुधा चुलतभाऊ असतो आणि त्याची गाडी पाचवीलाच थांबलेली असते. जूनमध्ये पोर परत आलं की पहिली परीक्षा लिहून घेऊ नये. मेंढरं खंडीवर मोजतात, वीसची एक खंडी. साडेतीन खंडी म्हणजे किती, त्यातली सात विकली तर उरली किती, हे असं पोर तोंडी चटकन सांगतं. तेच ७० वजा ७ फळ्यावर मांडलं की गप्प बसतं. कच्चा आहे तो लिहिण्यात, गणितात नाही. प्रगतीपुस्तकात या दोन्हींची एकच श्रेणी पडते.

याचं फार कौतुकही नको. मेंढरांमागचं बालपण म्हणजे जिवंत शाळा वगैरे लिहिणाऱ्यांनी एक रात्र पावसात वाघरीशेजारी, मेंढरं कोंडायच्या जाळीपाशी, काढावी.

ऊसतोडीच्या तळावर जायची वेळ निराळी. पहाटे तीन-चारला माणसं फडात गेलेली असतात, दिवसा कोप्यांवर, म्हणजे टोळीच्या झोपड्यांवर, म्हातारी माणसं आणि लेकरं. सर्वेक्षणाचा कागद घेऊन सकाळी अकराला गेलेल्या माणसाला 'आईबाप कामावर गेलेत' एवढीच माहिती मिळते. चुली पेटल्यावर जावं. पाचटाची छपरं, वर प्लॅस्टिकचा कागद, बैलांच्या शेणाचा आणि जळक्या पाचटाचा मिसळलेला वास, कोपीच्या दाराशी काखेत भाऊ घेतलेली नऊ-दहा वर्षांची पोरगी. 'हिला शाळेत पाठवाल का ताई' म्हटलं की आईचं उत्तर ठरलेलं असतं: 'धाडीन की मॅडम, पण ह्या बारक्याला कोण सांभाळील?' या प्रश्नाला कागदावर रकाना नाही. उत्तर एकच चालतं. धाकट्याला अंगणवाडीत घ्यायचं, नाहीतर थोरलीबरोबर वर्गात बसू द्यायचं. ज्या शाळांनी दुसरी वाट धरली, तिथं वर्गात पहिले आठ दिवस रडारड होते, मग ते पोरही कोपऱ्यात पाटी घेऊन बसतं. ज्या शाळांनी 'बारक्याला घरी ठेवून ये' असं सांगितलं, तिथं दोघंही परत येत नाहीत. मुकादमाशी बोलावं, पण त्याच्याच शब्दावर विसंबू नये. त्याला कोयते मोजायचे असतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि मोळ्या बांधायला, वाढं (उसाचे हिरवे शेंडे) गोळा करायला थोरली पोरं हाताशी असली तर त्याला हवीच असतात. उचल घेतलेली असल्यामुळे आईबाप त्याच्यापुढं मोकळं बोलत नाहीत.

कागदाचं झंगट इथंच सुरू होतं. दाखला नाही म्हणून पोराला परत पाठवणं २००९च्या शिक्षण हक्क कायद्यात बसत नाही. वयाचा पुरावा नाही म्हणूनही प्रवेश नाकारता येत नाही. हे मुख्याध्यापकांना ठाऊक असतं. अडतं दुसरीकडं. पोराचं नाव ऑनलाइन पटावर मूळ गावच्या शाळेत असतं आणि ती शाळा ते सोडायला तयार नसते, कारण पटावर शिक्षकांची पदं ठरतात. चार पोरं कमी झाली की एक गुरुजी अतिरिक्त ठरण्याची भीती. त्यांचीही अडचण खोटी नाही. यावर उपाय म्हणून शिक्षण हमी कार्ड आलं: मूळ शाळेनं ते भरून द्यायचं, जिथं जाल तिथल्या शाळेनं त्यावर पोराला बसवून घ्यायचं, परतताना प्रगती लिहून माघारी पाठवायचं. चांगली सोय आहे, पण कार्ड निघायला हवं टोळी गाडीत चढायच्या आधी, आणि टोळी कधी निघणार हे शाळेला शेवटच्या दिवशी कळतं. वयाच्या पुराव्याचंही कारण समजून घेण्यासारखं आहे. पोर हंगामात, फडाच्या कडेला जन्मलं तर जन्माची नोंद जिथं जन्म झाला तिथल्याच ग्रामपंचायतीत करावी लागते, तीही २१ दिवसांत. आईबापांना ते ठाऊक नसतं, हंगाम संपला की ते दोनशे-अडीचशे किलोमीटर दूर. वर्ष उलटलं की आदेश आणावा लागतो. तो कोण आणणार? मग शाळेत नाव घालताना गुरुजी जन्मतारीख लिहितात १ जून.

१ जून ही महाराष्ट्रातली सर्वांत लोकप्रिय जन्मतारीख आहे. ती पाहून हसायला येतं, पण त्या हिशेबात पोर खऱ्या वयापेक्षा वर्षानं मोठं किंवा लहान होतं, आणि कबड्डीच्या वयोगटापासून निवृत्तीच्या तारखेपर्यंत ते आयुष्यभर मागं लागतं. दोन मिनिटं काढून विचारलं तर आई बरोबर सांगते. पोळ्याच्या आधी की नंतर, कारखाना चालू होता की बंद, थोरल्या दिराचं लग्न झालं त्या साली की पुढच्या. एवढ्यावरून महिना निघतो.

गावच्या शाळेत घातलेल्या गलाईवाल्यांच्या पोरांचा घोटाळा याच्या अगदी उलट. कागद चोख, फी भरायची ऐपत, अंगावर नवे कपडे, आणि चौथीच्या वर्गात देवनागरी वाचता येत नाही. बोलतं मात्र आजीचं अस्सल माणदेशी. असं पोर दिसायला आणि बोलायला इतकं 'आपलं' असतं की त्याला परक्या पोराची सवलत मिळतच नाही. 'मराठी असून मराठी येत नाही' म्हणून वर टोमणा. खरं तर त्याला कोइमतूरच्या किंवा त्रिशूरच्या शाळेतली लिपी नीट येत असते. एक तास त्याला त्याच लिपीत लिहू द्यावं आणि अर्थ विचारावा, म्हणजे वाचनाची समज शाबूत आहे हे दिसतं. गणित वेगळं तपासावं, शाब्दिक उदाहरणं तोंडी घालावीत. वयानुरूप वर्गात बसवून वेगळं शिकवण्याची तरतूद कायद्यात आहेच. पोर हुशार असेल तर दिवाळीपर्यंत देवनागरी अंगवळणी पडते. जोडाक्षरं आणि ऱ्हस्व-दीर्घ तेवढे रेंगाळतात. ते तर आपल्यातल्या पुष्कळांचे रेंगाळलेले आहेत.

जत तालुक्याच्या पूर्वेला, उमदी-संखकडं गेलं की भाषेचा प्रश्न वेगळाच होतो. तिथं कन्नड माध्यमाच्याही जिल्हा परिषद शाळा आहेत, मराठीच्याही. घरात कन्नड आणि शाळा मराठी, अशी पोरं पहिलीत येतात. दाखल्यावर 'मातृभाषा' असा रकाना असतो आणि वरपासून खालपर्यंत तिथं 'मराठी' असं सरसकट लिहून मोकळे होतात. पुढं पाचवीत हे पोर 'वही फाटलं', 'डबा सांडलं', 'पिशवी हरवलं' असं लिहायला लागलं की लाल शाईनं वही भरते. पण नीट बघितलं तर त्याची चूक वाट्टेल तशी नाही, शिस्तीत आहे. कन्नडमध्ये निर्जीव वस्तूंना सगळ्यांना एकच लिंग. ते पोर इमानानं सगळ्या वस्तू नपुंसकलिंगात बोलवतं. शंभर वेळा लिहून आणण्याची शिक्षा इथं कुचकामी. रोजच्या वापरातल्या साठ-सत्तर वस्तूंचे तीन ढीग करायचे, तो-ती-ते, आणि तीन आठवडे खेळ म्हणून घोकायचे. तेवढ्यानं बराच फरक पडतो. आणि पहिलीच्या शिक्षकाला स्वतःला कन्नड येत नसेल तर निदान पहिल्या पंधरवड्यापुरते शब्द हवेत. 'नीरू' (पाणी), 'बा इल्ली' (इकडं ये) एवढ्यावर भागत नाही. पोटात दुखतंय, लघवीला जायचंय, कुणी मारलं, घरी जायचंय, हे मूल कसं सांगतं ते ओळखता आलं पाहिजे, नाहीतर पोर चड्डी ओली करतं आणि दुसऱ्या दिवशीपासून शाळेचा धसका घेतं. मिरजेत दखनी उर्दू बोलणाऱ्या घरातल्या पोरांबाबतही हेच, फक्त त्यांची मराठी सफाईदार असते म्हणून प्रश्न उशिरा दिसतो.

आता ताट. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीला माणशी १०० ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला १५०. उष्मांक अनुक्रमे ४५० आणि ७००. हे फलकावर लिहिलेलं असतं. कोण काय खात नाही, हे कुठंच लिहिलेलं नसतं, आणि ते सगळ्यांत चांगलं ठाऊक असतं स्वयंपाक करणाऱ्या ताईंना. सांगली-मिरजेकडं जैन शेतकऱ्यांची पोरं पुष्कळ. काही घरांत कांदा-बटाटा एरवीही नाही, काही घरांत फक्त चातुर्मासात नाही, भाद्रपदातल्या दशलक्षण पर्वात तर फारच कडक. अशा दिवसांत पोर खिचडीचं ताट घेऊन बसतं, चिवडतं आणि खरकट्यात टाकतं. शिक्षक म्हणतात माजलंय. फोडणीत कांदा घालायच्या आधी एक डबाभर वरण बाजूला काढलं की प्रश्न मिटतो, आणि ताई सांगितल्याशिवायसुद्धा ते करतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्यातून एकदा अंडं, न खाणाऱ्याला केळं असा सरकारी निर्णय झाला. पुढं जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा निधी थांबला. पण तेवढ्या काळात पुष्कळ शाळांत एक गोष्ट घडली, ती तिथल्या शिक्षकांना विचारा. वाटप सोपं जावं म्हणून दोन ओळी केल्या गेल्या. अंड्याची ओळ आणि केळ्याची ओळ. केळ्याच्या ओळीत जैन, लिंगायत, माळकऱ्यांची पोरं. अंड्याच्या ओळीत बाकीची. महिन्याभरात पोरं रोजच्या खिचडीलाही तशीच बसायला लागली. कुणी सांगितलं नव्हतं. इलाज साधा होता: हजेरी क्रमांकानं बसवायचं आणि वाढणाऱ्यानं दोन्ही भांडी घेऊन ओळीतून फिरायचं. दोन मिनिटं जास्त जातात.

रमजानचंही असंच. चांद्र वर्षामुळे तो दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडं सरकतो. सध्या फेब्रुवारी-मार्चात, परीक्षांच्या ऐन तोंडावर येतो. पाचवी-सहावीतली पोरं हौसेनं रोजा धरतात. कवायत दुपारी न ठेवता पहिल्या तासाला घ्यावी, जेवणाच्या सुट्टीत वाचनालय उघडं ठेवावं म्हणजे त्यांना ताटांच्या समोर बसून राहावं लागत नाही, आणि 'कुणाकुणाचा रोजा आहे, हात वर करा' असं विचारू नये. ज्यानं धरलेला नाही त्याची पंचाईत होते. धरलेल्यापेक्षा न धरलेल्याची लाज राखणं अवघड असतं, हे हात वर करायला लावणाऱ्याच्या डोक्यात येत नाही.

हात वर करायला लावणं ही शाळांची जुनी खोड आहे. शिष्यवृत्तीचे अर्ज आले की 'एससीची मुलं उभी राहा, एनटीची इकडं या'. सावित्रीबाईंच्या नावच्या शिष्यवृत्तीसाठीसुद्धा पोरींना सगळ्या वर्गासमोर उभं केलं जातं, आणि त्यांचं जन्मगाव नायगाव सातारा जिल्ह्यातच आहे. यादी कार्यालयात असते. हजेरी क्रमांक पुकारून, सुट्टीत, चार वेगवेगळ्या कामांच्या पोरांत मिसळून त्यांना बोलावता येतं. अर्ज बंद पाकिटातून घरी जाऊ शकतो. वर्गात काही चोरीला गेलं की पारध्याच्या पोराचं दप्तर आधी उघडायचं, हाही त्यातलाच प्रकार. १८७१च्या कायद्यानं जन्मतः गुन्हेगार ठरवलेल्या जमाती १९५२ साली मुक्त झाल्या, पण त्या पोराच्या बापाला अजूनही कागदावर अंगठा देताना हात मागं घ्यावासा वाटतो. तो अडाणी आहे म्हणून नव्हे. कागदावर अंगठा दिल्यानंतर काय होतं याची घरात आठवण आहे. त्याच्याकडून सही हवी असेल तर आधी कागद वाचून दाखवावा, पूर्ण, आणि एक प्रत त्याच्या हातात द्यावी.

मात्र जनरल रजिस्टरात, म्हणजे शाळेच्या प्रवेशाच्या नोंदवहीत, या घरांची नोंद करताना हलगर्जी परवडत नाही. जात नीट विचारून, पोटजातीसह, कागदावर जसं आहे तसं लिहावं. विमुक्त-भटक्यांना जातीच्या दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा मागतात. आज्जा-पणज्याचा शाळेचा दाखला हा नेहमीचा पुरावा, आणि यांच्या घरात आज्जा शाळेत गेलेलाच नसतो. मग जे पोर आज पहिलीत बसतंय, त्याची नोंद त्या घराण्यातला पहिला शाळेचा कागद ठरते. नातवंडं त्यावर उभी राहणार. तिथं घाईत 'हिंदू' एवढंच लिहून सोडलं, किंवा ऐकू आलं तसं भलतंच लिहिलं, तर दुरुस्तीला शिक्षणाधिकाऱ्यांपर्यंत हेलपाटे. शाळा सोडल्यावर तर विचारू नका.

रजिस्टरातल्या एका ओळीला किती महत्त्व येऊ शकतं हे साताऱ्याला सांगायला नको. ७ नोव्हेंबर १९०० रोजी इथल्या सरकारी हायस्कुलात, आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, पहिल्या इयत्तेत नाव घातलं गेलं: भिवा रामजी आंबेडकर. रजिस्टरात क्रमांक १९१४. २०१७ पासून तो दिवस राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. त्या काळच्या शाळेला त्या मुलाची जात पक्की ठाऊक होती. त्याची पार्श्वभूमी समजून घेण्यात शाळा कुठंही कमी पडली नव्हती. तिनं ती माहिती वापरली बसायचं गोणपाट वेगळं ठेवायला आणि नळ कुणी उघडायचा हे ठरवायला. म्हणून 'मुलांची पार्श्वभूमी जाणून घ्या' हे वाक्य मला तेवढ्यावर पुरं वाटत नाही. जाणून घेऊन करणार काय, हे सांगितल्याशिवाय ते धोक्याचं आहे.

याच शहरात पुढं चोवीस वर्षांनी भाऊराव पाटलांनी बोर्डिंग काढलं. १९१९ला काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू केलेली, १९२४ला साताऱ्यात वसतिगृह, १९२७ला गांधींच्या हस्ते त्याचं छत्रपती शाहू बोर्डिंग असं नामकरण. मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन, सगळी पोरं एका चुलीवरचं जेवायची, आणि स्वयंपाकाला, दळणाला, पाण्याला हात सगळ्यांनी लावायचा. म्हणजे कोण काय खातो याचा मान राखा असं एकीकडं म्हणायचं, आणि दुसरीकडं या जिल्ह्यातला शाळेचा सगळ्यांत मोठा प्रयोग उभा आहे तो एका पंगतीवर. हा पेच मला सुटलेला नाही. न खाण्याच्या प्रत्येक नियमाला शाळेनं मान तुकवली तर उद्या अमक्याच्या हातचं नको हाही एक 'घरचा नियम' म्हणून येईल. येतोही, अजून, खेड्यांत, स्वयंपाकाच्या ताईंची जात कळल्यावर. माझ्यापुरती रेघ अशी: ताटात काय घ्यायचं हे पोरानं ठरवावं, ताट कुणाच्या शेजारी आणि कुणाच्या हातचं हे शाळेनं. पहिल्यात सवलत द्यावी, दुसऱ्यात तसूभरही नाही, आणि पालक भांडायला आले तर मुख्याध्यापकांनी ते भांडण स्वतःच्या अंगावर घ्यावं, ताईंच्या नाही. रेघ प्रत्येक वेळी इतकी सरळ पडत नाही, हेही खरं.

पालकसभेचं थोडक्यात. स्वातंत्र्यदिनी, झेंडावंदनानंतर सभा घेतली की येतात ते नोकरदार आणि गावातले पुढारी. आठवडा बाजारच्या दिवशी, बाजाराच्या वाटेवर शाळा असेल तर तिथं, दुपारी बारा ते दोन, एकेकट्याशी पाच मिनिटं, एवढं केलं तरी न येणारी निम्मी माणसं येऊन जातात. यात्रेच्या आदल्या दिवशी बाहेरगावची घरं भरलेली असतात. मुख्याध्यापकांच्या अधिकारातली सुट्टी यात्रेला द्यायची आणि आदल्या दिवशी सकाळी भेटी ठेवायच्या. म्हसवडच्या रथाला, पालीच्या खंडोबाला, मांढरदेवीला, कडेगावच्या मोहरमात ताबूत उठतात तेव्हा वर्ग ओस पडणार हे दरवर्षी ठरलेलं आहे, तरी घटक चाचणी त्याच आठवड्यात येते आणि दुसऱ्या दिवशी गैरहजर पोरांना उभं केलं जातं. जूनमध्ये, गावातल्या दोन जाणत्या माणसांना बरोबर घेऊन, भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर या तारखांना खुणा करून ठेवल्या तर अर्ध्या तासाचं काम आहे. एका जाणत्यानं भागत नाही. त्याला त्याच्याच आळीचे सण ठाऊक असतात.

ऊसतोडीच्या पोरांचे कागद मात्र होळीच्या आत तयार ठेवावेत. कारखान्याचा पट्टा पडायची, म्हणजे हंगाम बंद व्हायची, तारीख जाहीर व्हायला उशीर होतो, ऊस कमी असला तर मार्चातच आटोपतं, आणि शेवटची खेप खाली झाली की टोळ्या रातोरात गाड्या भरतात; सकाळी तळावर नुसती पाचटाची राख. हमी कार्डावर 'प्रगती समाधानकारक' एवढंच लिहून देऊ नये, त्यातून पुढच्या गुरुजींना काही कळत नाही. भाषेचं पुस्तक कितव्या पानापर्यंत झालं, जोडाक्षरं वाचतो की अडखळतो, हातच्याची वजाबाकी येते का, चष्म्याची शंका आहे का, धाकटं भावंड बरोबर असतं का, हे पाच मुद्दे पुरेत. खाली शिक्षकाचा मोबाइल नंबर. एक प्रत कार्डाला जोडायची, एक आईच्या पिशवीत, आणि एक फोटो काढून मूळ शाळेच्या मुख्याध्यापकांना व्हॉट्सॲपवर, कारण पहिल्या दोन्ही प्रती वाटेत हरवतात.